विश्लेषण : टाटांचे जहाज ‘कापसासाठी अयोग्य’ कसे ठरले? भीती विकण्याच्या डावपेचाची १३० वर्षांपूर्वीची गोष्ट

नवी कंपनी स्वस्त सेवा घेऊन आली की जुनी कंपनी दर पाडते आणि ग्राहकाच्या मनात शंकाही सोडते. नव्यांची वस्तू टिकेल का, डेटा सुरक्षित राहील का, उद्या कंपनी बंद पडली तर? संगणक उद्योगात या डावपेचाला ‘एफयूडी’ म्हणजे भीती, अनिश्चितता आणि शंका असे म्हणतात. आयबीएम सोडून स्वतःची कंपनी काढणारे अभियंता जीन ॲमडाल यांच्यामुळे हा शब्द १९७० च्या दशकात रुळला. पण उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी हा अनुभव १८९० च्या दशकातच घेतला होता.

वर्धा-नागपूरशी संबंध काय?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाल्यावर १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी व्यापारी पेढी सुरू केली. कापड गिरणी काढायची तर मुंबईतच, असा तेव्हाचा समज. त्यांनी मात्र नागपूर निवडले. वर्धा खोऱ्यातला कापूस हाताशी होता आणि रेल्वेही आली होती. हिंगणघाटचा कापूस तर मुंबईच्या बाजारात गावाच्या नावानेच ओळखला जाई. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

दलदलीच्या जागेत भराव घालून गिरणी उभारणे म्हणजे सोने मातीत घालणे, असे समजून नागपूरच्या एका सावकाराने पैसे देण्यास नकार दिल्याचे सांगितले जाते. गिरणी नफ्यात आल्यावर त्याने चूक कबूल केली. ही शंका प्रामाणिक होती, म्हणून कामातून तिला उत्तर देता आले.

जहाजे कशासाठी?

मुंबईहून चीन-जपानकडे कापूस आणि सूत जाई. या मार्गावर ब्रिटिश कंपनी पी अँड ओ आणि तिच्या सोबतच्या युरोपीय कंपन्यांची पकड होती. जहाजभाडे चढले की त्याचा भार शेवटी कापसाच्या खरेदी भावावर पडतो. म्हणून १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी त्यांनी करार केला. ‘ॲनी बॅरो’ आणि ‘लिंडिसफार्न’ ही इंग्लिश जहाजे भाड्याने घेऊन ‘टाटा लाइन’ सुरू झाली. दर होता टनाला १२ रुपये.

पी अँड ओने काय केले?

तीन गोष्टी. पहिली, भाडे टनाला दीड रुपयापर्यंत खाली आणले. दुसरी, टाटा किंवा जपानी कंपनीशी संबंध ठेवणार नाही असे कबूल करणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलत देऊ केली. तिसरी, ‘लिंडिसफार्न’ कापूस नेण्यास योग्य नाही, अशी अफवा पसरवली.

अफवेने काम का साधले?

कापूस पाण्याने खराब होतो, ठिणगीने पेटतो. जहाज चांगले की वाईट, हे मुंबईच्या गोदीत उभ्या व्यापाऱ्याला तपासता येत नव्हते. बुडाला तर पूर्ण माल त्याचा. त्यात जुनी कंपनी स्वस्तही झालेली. मग धोका कोण पत्करणार? सावकाराची शंका आणि ही अफवा यांतला फरक इथे आहे. अफवा खरी असण्याची गरज नव्हती. समोरच्याचे पैसे संपेपर्यंत ती टिकली तरी पुरे होते.

जमशेटजींनी ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्यांकडे तक्रार केली. टपाल वाहतुकीसाठी सरकारकडून पैसे घेणारी कंपनी देशी स्पर्धकाला संपवते आहे, हा त्यांचा मुद्दा होता. भाडेयुद्धावर त्यांनी पुस्तिकाही काढली. स्पर्धक गेल्यावर दर पुन्हा चढतील, हेही व्यापाऱ्यांना बजावले. तरी व्यापारी एकेक करून परत फिरले. मोठा तोटा सोसून टाटा लाइन बंद झाली.

पुढे काय झाले?

जपानी कंपनी टिकली, कारण तिच्यामागे स्वतःचे सरकार आणि गिरणीमालक होते. जमशेटजी पुन्हा जहाजांकडे वळले नाहीत. पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था या योजनांवर त्यांनी शेवटची वर्षे घालवली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. या तिन्ही योजना त्यांच्या मागे पूर्ण झाल्या.

भारतीय जहाज कंपनीचा प्रश्न मात्र राहिला. ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाले, तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनी पुन्हा भाडेयुद्ध पुकारले. सिंधिया त्यातून तगली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ग्राहकासाठी धडा काय?

नव्या कंपनीविषयी भीती घालणारा मेसेज आला की दोन गोष्टी पाहाव्यात. हे तपासता येण्यासारखे आहे का? आणि आपण घाबरलो तर फायदा कोणाचा? मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दीड रुपयाचे भाडे पाहिले, पण ते किती दिवस राहील हे विचारले नाही.