शपथेला जागलेला सेनापती : जॉर्ज थॉमस

कुरुक्षेत्रावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या सेनांत गुरू होते, आजोबा होते, भाऊबंद होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६३ च्या नोव्हेंबरात, टेनेसी राज्यातील चॅटानूगा गावाजवळ असाच प्रसंग उभा राहिला. डोंगरमाथ्यावर दक्षिणेची सेना होती, पायथ्याशी उत्तरेची. पायथ्याच्या एका सेनेचे सेनापती जॉर्ज हेन्री थॉमस हे मात्र जन्माने दक्षिणेचे होते. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

थॉमस यांचा जन्म ३१ जुलै १८१६ रोजी व्हर्जिनियातील साउथॅम्प्टन परगण्यात झाला. घरी शेती होती आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गुलामही होते. १८३१ मध्ये नॅट टर्नर याच्या नेतृत्वाखाली त्याच परगण्यात गुलामांचे बंड झाले. तेव्हा पंधरा वर्षांच्या जॉर्जला विधवा आई आणि भावंडांसह घर सोडून जंगलात लपावे लागले. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून ते १८४० मध्ये बाहेर पडले.

मेक्सिकोच्या युद्धात ते तोफखान्यात होते. तेथे त्यांचे वरिष्ठ होते ब्रॅक्सटन ब्रॅग. दोघांचे चांगले जमले. १८५१ मध्ये थॉमस वेस्ट पॉइंटला शिक्षक म्हणून गेले, त्यात ब्रॅग यांच्या शिफारशीचाही वाटा होता. तेथेच रॉबर्ट ली या व्हर्जिनियाच्याच अधिकाऱ्याशी त्यांचा स्नेह जुळला. १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या फ्रान्सिस केलॉग यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८६१ च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियाने अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय घेतला. ली यांनी राजीनामा दिला आणि ते आपल्या राज्याकडे गेले. ब्रॅगही दक्षिणेकडून उभे राहिले. थॉमस यांनी संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली होती. ते जागचे हलले नाहीत. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या चाकरीसाठी मूळ गाव सोडून दूर स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. थॉमस यांना मात्र त्याची किंमत लगेच मोजावी लागली. माहेरच्या माणसांसाठी ते बिभीषण ठरले. बहिणींनी त्यांची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असे सांगतात. उत्तरेतही अनेकांना या व्हर्जिनियाच्या माणसाचा पुरता भरवसा वाटत नव्हता.

तो भरवसा त्यांनी रणांगणावर मिळवला. १९ जानेवारी १८६२ रोजी केंटकीतील मिल स्प्रिंग्ज येथे त्यांनी जॉर्ज क्रिटेंडन यांच्या सेनेचा पराभव केला. या क्रिटेंडन यांचे सख्खे भाऊ थॉमस क्रिटेंडन उत्तरेच्या बाजूने लढत होते. घराघरांत अशी फाळणी झाली होती. पुढे २० सप्टेंबर १८६३ रोजी चिकामॉगाच्या लढाईत उत्तरेची फळी मोडली आणि सरसेनापती रोझक्रान्झ चॅटानूगाकडे निघून गेले. थॉमस मात्र स्नॉडग्रास टेकडीवर संध्याकाळपर्यंत पाय रोवून उभे राहिले. त्या दिवसापासून लोक त्यांना चिकामॉगाचा खडक म्हणू लागले.

हरलेली सेना चॅटानूगात कोंडली गेली. भोवतीच्या डोंगरांवर दक्षिणेच्या तोफा होत्या आणि त्या सेनेचे प्रमुख होते तेच ब्रॅग. गावात रसद संपत आली, हजारो खेचरे आणि घोडे उपासमारीने मेले. ऑक्टोबरात थॉमस यांच्याकडे सेनेची सूत्रे आली. उपासमार झाली तरी गाव सोडणार नाही, असे त्यांनी ग्रँट यांना कळवले. याच दिवसांतला एक प्रसंग शेर्मन यांनी आपल्या आठवणींत नोंदवला आहे. थॉमस यांनी पलीकडच्या एका अधिकाऱ्याचे पत्र आपल्या चिठ्ठीसह ब्रॅग यांच्याकडे पाठवले. आपल्या राज्याशी द्रोह करणाऱ्या माणसाशी व्यवहार ठेवणार नाही, असा शेरा मारून ब्रॅग यांनी ते परत केले. थॉमस यांना ते फार लागले.

२४ नोव्हेंबरला हूकर यांच्या सैनिकांनी धुक्यात लुकआउट माउंटन घेतला. २५ तारखेला दुपारी, मिशनरी रिज या लांबलचक डोंगराच्या पायथ्याचे खंदक घेण्याचा हुकूम थॉमस यांच्या सेनेला मिळाला. खंदक हाती आले, पण वरून गोळ्यांचा वर्षाव होत होता आणि तेथे थांबणे म्हणजे मरण होते. हुकुमाची वाट न पाहता सैनिक डोंगर चढू लागले. संतापलेल्या ग्रँट यांनी विचारणा केली, तेव्हा हा हुकूम आपला नाही, असे थॉमस यांनी शांतपणे सांगितले. ब्रॅग यांनी आपली सेना पायथा आणि माथा अशी विभागली होती. माथ्याची फळी अगदी कड्यावर आखल्यामुळे उतारावरचा बराच भाग तोफांच्या नजरेआड राहिला. खालून पळत येणाऱ्या स्वतःच्याच माणसांमुळे वरच्यांना नीट गोळीबार करता येईना. संध्याकाळपर्यंत माथा पडला. काही दिवसांतच ब्रॅग यांनी सेनापतिपद सोडले.

त्याच डिसेंबरात थॉमस यांनी चॅटानूगात सैनिकांसाठी दफनभूमी उभारण्याचा आदेश दिला. राज्यवार पुरायचे का, असे धर्मगुरूंनी विचारले, तेव्हा सगळ्यांना एकत्रच मिसळून पुरा, राज्यांच्या हक्कांचा आता वीट आला आहे, असे ते म्हणाल्याचे सांगतात.

१५ आणि १६ डिसेंबर १८६४ रोजी नॅशव्हिल येथे त्यांनी हूड यांची सेना मोडून काढली. त्या लढाईत कृष्णवर्णीय पलटणी शौर्याने लढल्या. एकेकाळी स्वतः गुलाम बाळगणाऱ्या थॉमस यांनी त्यांच्या पराक्रमाची कदर केली.

युद्धानंतर त्यांनी राजकारणापासून दूर राहणे पसंत केले आणि आत्मचरित्रही लिहिले नाही. २८ मार्च १८७० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. पत्नीच्या गावी, ट्रॉय येथे, त्यांचे दफन झाले. अंत्यविधीला देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रँट होते, शेर्मन होते. रक्ताच्या नात्याचे कोणीच आले नव्हते.