विनम्र विदुषी

पंडिता रमाबाईंचे नाव घेताच त्यांची अलौकिक विद्वत्ता आठवते. अनाथ व निराधार स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कार्यही आठवते. या दोहोंना शोभा आली ती त्यांच्या नम्रतेमुळे. आणि ही नम्रता त्यांना सहजासहजी लाभली नव्हती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, ही त्या काळची रूढी मोडून शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीस विद्या दिली, आणि लक्ष्मीबाईंनी ती मुलीस दिली. पुराणे सांगत हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी जात असे. पुढे दुष्काळ पडला. अन्नान्नदशा होऊन आई, वडील व थोरली बहीण अशी तिघे कालवश झाली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास शेकडो कोस भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे ज्ञान पाहून तेथील पंडित विस्मित झाले व त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

परंतु सुख फार काळ टिकले नाही. बंधू वारले, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व १८८३ साली इंग्लंडला गेल्या.

तेथे लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. वाट चुकलेल्या व समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना दंड आणि तिरस्कार याखेरीज दुसरे काही मिळते, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्ताची व विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा समजावून सांगितली. सर्वांनी हीन लेखलेल्या त्या स्त्रीजवळ येशूने पाणी मागितले व तिला धर्माचे गूढ सांगितले. क्षमेने माणूस नवा होतो, हे रमाबाईंना पटले. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

नम्रता म्हणजे दुबळेपणा अशी त्यांची समजूत मुळीच नव्हती. धर्मगुरूंचे म्हणणे पटले नाही, तर त्या तसे स्पष्ट सांगत. १८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदासदन’ काढले. पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद उसळला. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही रमाबाई डगमगल्या नाहीत. लोकनिंदेपुढे त्यांची मान वाकली नाही; ती वाकली फक्त ईश्वरापुढे.

ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या प्रार्थनेत दोन गोष्टी जोडीने येतात: आपल्या अपराधांची क्षमा मागणे, आणि ज्यांनी आपले वाईट केले त्यांना क्षमा करणे. रमाबाई ही प्रार्थना वर्षानुवर्षे म्हणत होत्या. मात्र १८९१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले की, आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने जाणला, पण ख्रिस्ताला शरण गेलो नाही. विद्या व सत्कृत्ये यांच्या बळावर ईश्वरासमोर उभे राहता येत नाही; तेथे क्षमाच मागावी लागते. मोठमोठ्या पंडितांनी जिचा गौरव केला, त्या स्त्रीने आपली ही उणीव मनात दडवून ठेवली नाही. १९०७ साली आपली साक्ष लिहून त्यांनी ती जगापुढे मांडली.

या शरणागतीतून त्यांच्या कार्याला नवे बळ आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली व बालविधवा पुण्याजवळील केडगावी आणल्या. स्वतः दुष्काळाची आग सोसलेल्या रमाबाईंना त्यांचे दुःख सांगावे लागले नाही. तेथे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. समाजाने दोषी ठरविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ही काढले. फुलहॅमला पाहिलेली क्षमा अशी महाराष्ट्रात अवतरली. १९०५ साली मुक्तिसदनातील शेकडो मुली आपले अपराध कबूल करून ईश्वराची क्षमा मागू लागल्या.

मराठवाड्यात अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. संस्कृतातील गहन तत्त्वज्ञान त्यांनी सामान्य जनांच्या मराठीत आणले. आपली विद्या लहानांच्या हाती लागेल अशी करणे, ही ज्ञानी माणसाची नम्रताच होय. रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. १९२१ साली मनोरमेच्या मृत्यूचा घाव सोसूनही त्यांनी हे काम सोडले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

पदव्यांनी रमाबाई मोठ्या झाल्या. पण स्वतःची उणीव ओळखून क्षमा मागण्याच्या धैर्याने त्या त्याहून मोठ्या झाल्या. ज्याला आपल्याला मिळालेल्या क्षमेची जाणीव असते, तो दुसऱ्यास तुच्छ लेखीत नाही, हे त्यांच्या जीवनाचे सार आहे.