सरनौबत नेताजी पालकर : छावणी आणि घर

आपल्या स्मरणिकेसाठी थोर पूर्वजांपैकी एकाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते सरनौबत नेताजी पालकर. याचे एक कारण अगदी घरचे आहे. नेताजी हे आपल्या खालापूर तालुक्यातील चौक गावचे, अशी सर्वमान्य समजूत आहे. कर्जतहून पनवेलकडे जाताना चौक लागते. मागे इर्शाळगड व प्रबळगड उभे दिसतात. या वाटेने आपण शेकडो वेळा जातो. पण येथला एक पुरुष काबुलपर्यंत जाऊन पुन्हा माघारी आला, हे सहसा मनात येत नाही. त्यांच्या लढाया सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या शिपाईगिरीविषयी, छावणीविषयी आणि घराच्या ओढीविषयी.

माणकोजी दहातोंडे यांच्या पश्चात, इ. स. १६५७-५८ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी घोडदळाची सरनौबती नेताजींकडे दिली. सात हजार पागा व तीन हजार शिलेदार अशी दहा हजारांची फौज त्यांच्या हाताखाली होती, असे कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीवरून दिसते. पागेतील बारगीरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी ही चढती रचना सरनौबतापर्यंत जाई. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद असे. घोड्याला पाणी व नाल वेळेवर न मिळाले तर पराक्रमी स्वाराचाही काही उपयोग नाही, हे ज्याने ही व्यवस्था लावली त्याने पुरते जाणले होते.

या शिपायाचे वर्ष दोन भागांत वाटलेले असे. दसऱ्याला फौजेने बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात काढावे आणि वैशाखात स्वराज्यात परत येऊन पावसाळ्यात छावणी करावी. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी होई. परत आल्यावर त्या यादीशी ताळा पाहिला जाई. फौजेबरोबर बायका, बटकी किंवा कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. म्हणजे जो शिपाई दसऱ्याचे सोने वाटून घराबाहेर पडला, त्याला पुढचे आठ महिने संसाराचे दर्शन नसे. साधा शिपाई लिहिणारा-वाचणारा नसे. गावाकडचा कोणी माणूस भेटला तरच आई कशी आहे, भात कसे पिकले, हे कळावयाचे.

पावसाळी छावणीतही आराम नव्हता. चिपळूणजवळ हलवर्ण येथे मुक्काम केलेल्या फौजेस १६७४ च्या सुमारास महाराजांनी पाठविलेले एक आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. दाणा व वैरण बेताने वापरा, नाहीतर भर पावसात घोडी उपाशी मरतील. रयतेस काडीचाही त्रास देऊ नका. वाऱ्यात चुली पेटवू नका, चिलीम ओढताना जपा. रात्री दिवा जळत ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गवताची गंज पेटते, असा त्यातील आशय आहे. राजाने उंदराचाही विचार करावा, यातच त्या छावणीचे रोजचे जिणे डोळ्यांसमोर येते.

आणि घराचा विचारही राज्याने सोडला नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडी अफजलखानाचा पाडाव झाला. त्यानंतर जे लोक पडले त्यांच्या मुलांस चाकरीत घेतले गेले. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमे वेतन लावून दिले. जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले, असे सभासद नोंदवितो. आपण पडलो तरी चूल विझणार नाही, या भरवशावरच शिपाई रणात उभा राहतो.

खानाच्या फौजेची धूळधाण करून नेताजींनी आदिलशाही मुलखात मुसंडी मारली. त्यांना दुसरा शिवाजी म्हणू लागले ते त्यांच्या अशाच चपळाईमुळे. परंतु यश नेहमीच मिळाले असे नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. १६६३ मध्ये मोगलांनी पाठलाग केला असता ते स्वतः जखमी झाले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले मोगलांकडे गेले. त्यांत कर्नाळा, माणिकगड व प्रबळगड, म्हणजे नेताजींच्या घरासभोवतालचे डोंगरही होते.

जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ला फसला. वेळेवर न पोहोचल्याचा ठपका ठेवून महाराजांनी नेताजींस सरनौबतीवरून दूर केले. हा बनाव होता असे मानणारेही आहेत. पण पुढे जे भोगावे लागले ते बनावाचे नव्हते. नेताजी प्रथम विजापूरकरांकडे व तेथून मिर्झा राजा जयसिंगाकडे गेले. त्यांस पाच हजारी मनसब मिळाली. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि त्याचा राग नेताजींवर निघाला. ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूर येथे त्यांस कैद करून दिल्लीस नेले. १६६७ मध्ये चुलते कोंडाजी यांच्यासह त्यांचे धर्मांतर झाले, नाव महंमद कुलीखान पडले, आणि त्यांच्या बायकांनाही दक्षिणेतून उत्तरेस नेण्यात आले. नंतर त्यांची रवानगी काबुलकडे झाली. वाटेत लाहोरजवळ त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला. पण ते पकडले गेले.

आम्हांस या चरित्रातील हाच भाग सर्वांत हृदयद्रावक वाटतो. दसऱ्याला निघालेला शिपाई वैशाखात परत येतो. नेताजींचा वैशाख नऊ वर्षे आलाच नाही. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्याने त्या राज्यासाठी देह झिजविला, तो त्या दिवशी नव्या नावाने परमुलखात चाकरी करीत होता. मनसब होती, मान होता, अन्न होते. पण घर नव्हते. पुढे दिलेरखानाबरोबर दक्षिणेत येण्याचा योग आला, तेव्हा मनसबीवर पाणी सोडून नेताजी निसटले आणि थेट महाराजांकडे आले. जून १६७६ मध्ये प्रायश्चित्त देऊन त्यांस पुन्हा स्वधर्मात व जातीत घेतले गेले.

ज्ञातिबांधवहो, परत येणे हे एकट्या येणाऱ्याच्या हाती नसते. उंबरठ्याच्या आत जे उभे असतात त्यांनी दार उघडावे लागते. महाराजांना कारणे हवी असती तर पुष्कळ होती : पन्हाळ्याची चूक, शत्रूची मनसब, नऊ वर्षांचे परके आयुष्य. त्यांनी ती उगाळली नाहीत. यापूर्वी बजाजी निंबाळकरांस परत घेऊन त्यांच्या पुत्रास आपली कन्या सखुबाई दिली होती. तीच रीत येथेही पाळली.

आपल्या कर्जत-खालापूरच्या घरांतील मुले आज सैन्यात आहेत, बोटींवर आहेत, परदेशांत आहेत. कोणी जातीबाहेर विवाह केला म्हणून, कोणी भांडून गेला म्हणून, त्यांची नावे घरात काढली जात नाहीत, अशीही कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. अशा घरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे, की नेताजींचा अभिमान केवळ व्यासपीठावर सांगू नये. येत्या दसऱ्याला सोने वाटताना त्या दुरावलेल्या मुलाच्या नावाचे एक पान बाजूला ठेवावे आणि त्यास घरी या, असे आपण होऊन कळवावे. चौकच्या या सुपुत्रास आपल्या समाजाचे तेच खरे वंदन होईल.