कै. आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचे अल्प चरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेत साधारणतः संतांची, मिशनऱ्यांची व धर्मग्रामाच्या आद्य पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. आम्ही येथे ज्या गृहस्थांचे चरित्र देत आहोत ते संत नव्हते, धर्मगुरूही नव्हते. मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत रात्रीच्या वेळी, लोकांनी नाचावे म्हणून, ट्रंपेट नावाचा पितळी कर्णा वाजविणारे ते एक वादक होते. अशा मनुष्यास देवळाच्या स्मरणिकेत जागा ती कशाकरिता, असा प्रश्न कोणा वडीलधाऱ्या वाचकाच्या मनात आला तर तो आम्ही गैर मानीत नाही. आमची इतकीच विनंती आहे की, चरित्र शेवटपर्यंत वाचावे आणि मग निर्णय करावा.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या वाशिंदास आगगाडी १८५५ साली आली. तेव्हापासून मुंबई आपणास जवळची झाली. आपली तरुण मुलेमुली तेथे शिकतात, नोकऱ्या करतात, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर तेथील गाण्याबजावण्याची हौसही त्यांस असते. ही हौस चांगली की वाईट, याविषयी घराघरांत मतभेद होतात. त्या वादात नुसता उपदेश करण्यापेक्षा एका वादकाचे जीवन डोळ्यांपुढे ठेवणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते.

जन्म व संगीताचे शिक्षण

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोमंतकातील बारदेश प्रांती हळदोणे या गावी झाला. नदीकाठी वसलेल्या या गावात संत तोमासाचे १५९६ सालचे भव्य देऊळ आहे. त्या काळी गोमंतकात पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि देवळाला जोडून शाळा चालविण्याची तेथील चाल फार जुनी होती. या शाळांत ‘मेस्त’ म्हणजे मास्तर मुलांस अक्षरओळखीबरोबर सूर वाचावयास शिकवीत. पाच ओळींवर मांडलेली स्वरलिपी पाहून मूल प्रथम तोंडाने गाई, मग त्याच्या हाती व्हायोलिन येई. मिस्सेतील लॅटिन गायन, माळेची प्रार्थना, लितानी, उपवासकाळातील दुःखसहनाची गीते, गावच्या सणाचा बँड, या सर्वांसाठी वादक व गायक गावातल्या गावातच तयार होत.

या शिक्षणाचा हेतू उपासनेपुरताच होता. पण त्याचे फळ देवळाच्या आवाराबाहेर फार दूर गेले. ज्याला स्वरलिपी वाचता येते त्याला जगातील कोणत्याही वाद्यवृंदात बसता येते. गोमंतकात शेती थोडी आणि तोंडे पुष्कळ. म्हणून शेकडो तरुण मुंबई, कराची, कलकत्ता, रंगूनपर्यंत गेले. कोणी आचारी झाले, कोणी जहाजावर खलाशी झाले, आणि ज्यांचा हात वाद्यावर बसला होता ते पलटणीच्या बँडात, मूकचित्रपटांच्या थिएटरांत किंवा हॉटेलांत वादक झाले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास प्रत्येक गावाचे ‘कूड’ असे. त्या सामाईक खोल्यांत ट्रंक ठेवायला जागा, वेदीपुढे रोजची माळ, आणि कामाची बातमी या तिन्ही गोष्टी नव्या माणसास मिळत.

वाझ यांच्या आईची इच्छा मुलाने यंत्रकाम शिकून चार पैशांची खात्रीची नोकरी धरावी अशी होती. ही इच्छा कोणत्याही आईस शोभणारीच होय. वादकाच्या मिळकतीचा काय भरवसा? पण मुलाचे मन कर्ण्यावर जडले होते. आई त्यांस लाडाने ‘चिको’, म्हणजे लहानगा, म्हणत असे. त्याचेच पुढे ‘चिक’ झाले असे सांगतात. व्यवसायात ‘चिक चॉकलेट’ हेच त्यांचे नाव पडले आणि खरे नाव बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

मुंबईच्या रात्री

ज्या संगीतात वाझ यांनी नाव काढले त्यास ‘जाझ’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरी, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्तीत हे जन्मास आले. त्यांची देवळातील भजने, शेतावरची दुःखगीते, प्रेतयात्रेपुढे चालणारे बँड हे सर्व त्यात मिसळले आहे. याचा विशेष असा की, ठरलेली चाल सर्वांनी मिळून वाजविल्यावर एकेक वादक उभा राहतो आणि त्याच चालीवर आपल्या मनाने, आयत्या वेळी, नवे स्वर रचीत जातो. आपल्याकडील गवई रागाची मर्यादा न सोडता ताना घेतो, तशीच ही रीत आहे. म्हणून हे संगीत तबकडीवर ऐकणे वेगळे आणि समोर बसून ऐकणे वेगळे. काल वाजले तसे ते आज वाजत नाही.

ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात उघडले. तेथे १९३५ साली लिऑन अॅबी हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद घेऊन आले. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले व येथेच रमले. १९४५ साली कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. स्वदेशात वर्णभेदामुळे जो मान या कलावंतांस मिळत नव्हता तो येथे त्यांस काही अंशी मिळाला. त्यांच्याजवळून आणि परदेशी तबकड्या पुनःपुन्हा ऐकून गोमंतकीय वादकांनी ही विद्या आत्मसात केली. मेस्तने शिकविलेली स्वरलिपी आता कामी आली: तबकडीवरील प्रत्येक वाद्याचा भाग ऐकून ते कागदावर उतरवीत व दुसऱ्या दिवशी वाजवीत.

वाझ यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग हा न्यू ऑर्लिन्सचा थोर ट्रंपेटवादक होता. त्याची वाजविण्याची धाटणी व घोगऱ्या आवाजात गाण्याची ढब वाझ यांनी इतकी उचलली की लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४५ साली त्यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ या वाद्यवृंदास इतरांशी चढाओढ करून ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात काम मिळाले. पुढे ताजमध्येही त्यांचे वादन गाजले. ग्रीन्सची इमारत आता नाही. त्या जागी ताजची उंच नवी इमारत उभी आहे.

त्या काळच्या अशा वाद्यवृंदात दहाअकरा माणसे असत. पुढे सॅक्सोफोन व क्लॅरिनेट, मागे ट्रंपेट व ट्रॉम्बोन, आणि बाजूस पियानो, मोठे उभे बासवाद्य व ड्रम. काम रात्री सुरू होई आणि पाहुण्यांचे पाय थकेपर्यंत चाले. पाहुणे रेशमी पोशाखात येत. वादकही काळा कोट व बो लावून बसत, पण जिना मात्र त्यांस बहुधा मागचा. इतरांच्या सुटीची वेळ ती त्यांच्या मेहनतीची वेळ होती. आणि अनेक वादक असे होते की, शनिवारच्या रात्री नाचासाठी वाजवून रविवारी सकाळी देवळाच्या माडीवर मिस्सेसाठी व्हायोलिन घेऊन उभे राहत.

दारूबंदी आणि चित्रपट

मुंबई इलाख्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला व १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. दारूने किती घरे धुळीस मिळतात हे धर्मग्रामात काम करणाऱ्या आम्हांस कोणी सांगावयास नको, आणि त्या कायद्यामागील सद्हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, हॉटेलांचे उत्पन्न घटले आणि त्याची झळ वादकांस लागली. संगीत आणि मद्य ही एकाच छपराखाली होती एवढ्यावरून लोकांनी ती एकच मानली होती. ती एक नव्हेत. चर्चगेट रस्त्यावरील उपाहारगृहांत पुढे पुष्कळ वर्षे उत्तम वाद्यवृंद वाजत राहिले, आणि रविवारी सकाळी भरणाऱ्या वादनाच्या बैठकांस कॉलेजची मुले कॉफीच्या एका पेल्यावर बसत.

याच सुमारास चित्रपटसृष्टीने गोमंतकीय वादकांस मोठा आधार दिला. संगीत दिग्दर्शकास चाल सुचे. पण ती पन्नास वाद्यांत कशी वाटावी, कडव्यांच्या मधल्या जागा कशाने भराव्यात, कोणत्या स्वराखाली कोणता स्वर लावावा, हे लिहून काढणारा माणूस त्यास लागे. त्यास ‘अरेंजर’ म्हणत. वाझ यांनी हे काम पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे प्रसिद्ध संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र, यांच्यासाठी केले. ‘समाधी’ (१९५०) व भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील नाचऱ्या गीतांत जो कर्णा झळकतो, तो ताजच्या दिवाणखान्यातून आलेला आहे. ‘अलबेला’त तर वाझ व त्यांचे सोबती झालरीचे पोशाख करून पडद्यावरही दिसतात.

वाचकहो, यात काय घडले याचा विचार करा. ज्या हॉटेलाच्या दारात सामान्य माणसास पाऊल टाकण्याची छाती होत नव्हती, तेथील संगीत गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत व लग्नमंडपातील कर्ण्यापर्यंत येऊन पोहोचले. हळदोण्याच्या देवळाच्या शाळेत रुजलेली विद्या मुंबईच्या श्रीमंतांस नाचवून शेवटी शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या वरातीत आली. त्या शेतकऱ्यास चिक चॉकलेट हे नाव ठाऊक नव्हते. ठाऊक होणार तरी कसे? अरेंजरांची व वादकांची नावे पडद्यावर बहुधा येतच नसत. ध्वनिमुद्रण झाले की हातावर रोकड मिळे. पुढे ते गीत कितीही वाजो, वादकाच्या घरी त्याची कवडीही येत नसे.

वाझ यांनी ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांस स्वतः संगीत दिले. ‘नादान’मधील तलत महमूद यांचे एक गीत रसिक अजून आठवतात, परंतु संगीत दिग्दर्शक म्हणून वाझ यांचा जम बसला नाही. ते पुन्हा आपल्या ट्रंपेटकडे व दुसऱ्यांच्या चालींकडे वळले.

अखेरचा काळ

१९५० नंतरच्या दोन दशकांत डेव्ह ब्रुबेक, ड्यूक एलिंग्टन यांसारखे अमेरिकेतील नामांकित जाझवादक मुंबईस येऊन गेले, आणि १९६४ साली खुद्द लुई आर्मस्ट्राँगही आले. पण तोवर तरुणांची आवड गिटारच्या नव्या संगीताकडे वळू लागली होती. १९६६ सालच्या ‘आखरी खत’ या चित्रपटात खय्याम यांनी संगीत दिलेले रात्रीच्या क्लबातील एक गीत आहे. त्यात तरुण भूपिंदर सिंग गातात आणि वाझ ट्रंपेट घेऊन उभे आहेत. त्यानंतर वर्षभरात, १९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रापासून बोध

सन १९०३ मध्ये, ताजमहाल हॉटेल उघडण्याच्या काही दिवस आधी, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशी म्हणजे २२ नोव्हेंबरला, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. देवळात पियानो व गोंगाटाची तालवाद्ये वाजवू नयेत असे त्यात फर्माविले. सेमिनरीत ते शिकताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली होती: पवित्र पित्याने वेदीजवळ काय शोभते एवढेच सांगितले, वेदीबाहेरच्या संगीतास त्यांनी पाप म्हटले नाही. प्रत्येक गोष्टीस तिचे स्थान आहे. दिवसभर राबलेल्या मनुष्याने संध्याकाळी सोबत्यांसह दोन घटका चांगले वादन ऐकावे, यात परमेश्वराचा अपमान नाही. अपमान होतो तो मद्याने शुद्ध हरपल्यावर, पगार उधळून घरच्यांस उपाशी ठेवल्यावर, आणि रात्रीच्या जागरणाने रविवारची मिस्सा चुकविल्यावर.

म्हणून आमचे तरुणांस सांगणे असे. बांद्रे, लोअर परळ, नरिमन पॉइंट येथे आजही वादक समोर बसून वाजवितात; संधी मिळाल्यास अवश्य ऐका. वाशिंदकडे येणारी शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, ती वेळ ध्यानात ठेवूनच बसा. वादन चालू असता बडबड करू नका. वादकाने आपल्या मनाने रचलेला भाग संपला की टाळी द्या. ती त्याच्या त्या क्षणाच्या श्रमाची पावती आहे. प्रवेशाचे पैसे चुकवू नका, कारण त्यातच त्याची भाकरी आहे. आणि निघताना त्याचे नाव विचारा. वाझ यांच्या पिढीतील शेकडो माणसांचे वादन आपण आयुष्यभर ऐकले आणि त्यांचे नाव कधी विचारले नाही.

वडीलधाऱ्यांस आमचे सांगणे निराळे आहे. मूल वाद्यास हात लावते म्हणून ते बिघडले असे समजू नका. हळदोण्यासारख्या खेड्यातील देवळाने मुलांस स्वर वाचावयास शिकविले, म्हणून एका अफाट शहरास आनंद मिळाला आणि हजारो कुटुंबांस अन्न मिळाले. आपले धर्मग्राम लहान आहे. तरी आठवड्यातून एक संध्याकाळ, एक पेटी, एक फळा व पाच ओळी यांस फार खर्च लागत नाही. या ज्युबिलीच्या वर्षी देवळाच्या भिंतीस नवा रंग लागला तर आम्हांस आनंदच होईल. पण पाचसहा मुले स्वरलिपी वाचून मिस्सेत गाऊ लागली तर तो आनंद रंग उडाल्यावरही टिकेल.

कै. वाझ यांच्या व रात्रीच्या चाकरीत झिजलेल्या सर्व अनाम वादकांच्या आत्म्यांस परमेश्वर चिरशांती देवो. आमेन.