आईच्या हातातले पाच शिलिंग

सध्या काय करतेस, असं कुणी विचारलं की आपल्यातल्या कितीतरी जणी पटकन म्हणतात, काही नाही, घरीच असते! पहाटेपासून मुलांमागे धावायचं आणि हिशेबात मात्र ते ‘काही नाही’. या ‘काही नाही’चं मोल सरकारला मान्य करायला लावणारी एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. एलिनॉर रॅथबोन तिचं नाव. गंमत म्हणजे तिने स्वतः लग्न केलं नव्हतं.

जन्म १८७२ चा. घराणं लिव्हरपूलचं, सधन; वडील खासदार. ऑक्सफर्डला शिकून आल्यावर एलिनॉरने गोदी कामगारांच्या आणि विधवांच्या संसारांचा अभ्यास केला. १९०९ मध्ये ती लिव्हरपूलच्या नगर परिषदेवर निवडून आली. तिथली ती पहिली महिला सदस्य.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. नवरे आघाडीवर गेले आणि बायकांना भत्ता मिळू लागला, मुलं जितकी जास्त तितकी रक्कम जास्त. लिव्हरपूलमध्ये या कामाची व्यवस्था एलिनॉरने पाहिली. पैसा थेट आईच्या हातात पडला की तो मुलांच्या ताटात जातो, हे तिला तिथे पक्कं कळलं. मग शांततेच्या काळात का नाही? एकट्या पुरुषाला आणि पाच मुलांच्या बापाला पगार सारखाच, आणि मुलं वाढवणारीला काहीच नाही, हा कुठला न्याय?

१९२४ मध्ये तिने यावर पुस्तक लिहिलं. विरोध सगळीकडून झाला. भत्ता दिला तर मालक पगार कापतील, अशी कामगार संघटनांना भीती. १९२९ मध्ये ती अपक्ष खासदार झाली, तरी हा विषय तिने सोडला नाही. आपल्याकडच्या बालविवाहाविरुद्धही ती बोलली. पण आमच्या वतीने इंग्रज बाईने का बोलावं, असं इथल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी तिला सुनावलं, तेही रास्तच होतं.

अखेर १९४५ मध्ये कुटुंब भत्त्याचं विधेयक आलं. पण त्यात पैशांचा हक्क वडिलांना! वर्षानुवर्षं ज्यासाठी झगडली, ते समोर आलेलं असताना त्र्याहत्तरीच्या उंबरठ्यावरची एलिनॉर अडून बसली. आईला मिळणार नसेल तर मी विरोधात मत देईन, अशी भूमिका तिने घेतली. सरकारला नमावं लागलं. दुसऱ्या मुलापासून पुढे, प्रत्येकामागे आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही आईच्याच नावाने.

पहिले पैसे आयांच्या हाती पडले ऑगस्ट १९४६ मध्ये. एलिनॉर त्याच वर्षी २ जानेवारीला गेली होती. रक्कम तशी छोटीच. पण घरी राहून मुलं वाढवणं हेही काम आहे, असं त्या पाच शिलिंगांनी म्हटलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर ‘काही नाही’ म्हणण्याआधी जरा थांबा!