पंचवीस रुपयांपासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीपर्यंत

जळकोट, प्रतिनिधी : दहावी-बारावीचे निकाल लागले की, तालुक्याच्या ठिकाणी सेतू केंद्रांवर दाखल्यांसाठी गर्दी होऊ लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला अशी कागदपत्रे जमवून विद्यार्थी महाविद्यालयाचा प्रवेश आणि त्यापाठोपाठ शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. जळकोटसारख्या कोरडवाहू तालुक्यात अनेक घरांतील मुलांचे पुढचे शिक्षण या अर्जावरच अवलंबून असते. ग्रामीण भागात भारत सरकार शिष्यवृत्ती या नावाने ओळखली जाणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पाठपुरावा होता, ही गोष्ट मात्र हा अर्ज भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांचे चरित्र सर्वांना परिचित आहे. पैशाअभावी वारंवार अडलेल्या आणि प्रत्येक वेळी वाट काढणाऱ्या विद्यार्थ्याचे चरित्र म्हणूनही ते वाचायला हवे.

चर्नी रोडच्या बागेतील गुरुजी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आणि पुढे मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. त्याच खोलीत भीमरावांचा अभ्यास चाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, तरी मुलाला हवे ते पुस्तक आणून देण्यात सुभेदारांनी कधी हात आखडता घेतला नाही. हाती पैसा नसला म्हणजे ते विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणत आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून परत करत.

संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही जातीमुळे ती पूर्ण झाली नाही व भीमरावांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या टक्केवारीच्या युगात हा आकडा किरकोळ वाटेल, पण अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या काळी मोठी घटना होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले.

केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत फिरावयास जात. तेथे एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला होता. त्यांनी त्याला पुस्तके दिली, वाचनाला दिशा दिली. त्यांचे खरे उपकार मात्र पुढचे आहेत. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागले आणि सुभेदारांना महाविद्यालयाचा खर्च झेपेनासा झाला. तेव्हा गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला, भीमरावांची महाराजांशी भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. विद्यार्थी हुशार होता आणि मदत करणारा संस्थानिकही उदार होता. मात्र त्या दोघांची गाठ घालून देणारा माणूस नसता तर भीमरावांचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे फारसे गेले नसते.

साडेअकरा पौंड आणि करारपत्र

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन भीमराव बी. ए. झाले व १९१३ च्या प्रारंभी बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजाराची बातमी आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. घरचा आधार तुटला. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याच्या विचारात होते. भीमरावांची निवड झाली. जून १९१३ मध्ये करारपत्रावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी, अशा अटी होत्या.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मिळणाऱ्या रकमेतूनच राहणे, जेवण, पुस्तके आणि मुंबईतील घरखर्चाला हातभार, असे सारे भागवायचे होते. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असल्याने त्यांनी दिवसाचा प्रत्येक तास अभ्यासाला दिला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये पीएच. डी. साठी प्रबंध सादर केला. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली.

पैसा संपला, अभ्यास उरला

कोलंबियानंतर भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. मात्र १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. ग्रंथांच्या पेट्या स्वतंत्र जहाजाने पाठविल्या होत्या. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज पाणतीराने बुडाले. नुकसानभरपाईपोटी ६०० रुपये मिळाले, तेच बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडले.

बडोद्यात एवढ्या विद्वान अधिकाऱ्याला राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत शिपाईसुद्धा कागद लांबून टाकत. करारातील दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. मुंबईत शिकवण्या आणि शेअरबाजारातील सल्ल्याचा व्यवसाय करून पाहिला. जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. आता सुखाने राहता आले असते. तथापि त्यांचे लक्ष लंडनकडे लागले होते. त्यांनी पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

ग्रंथालय उघडण्याच्या वेळी आत जावे आणि बंद होताना बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. गाडीभाडे वाचविण्यासाठी ते पायी चालत. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली. डी. एस्सी. च्या प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले तेव्हा मात्र लंडनमध्ये राहण्यापुरते पैसे उरले नव्हते. १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी प्रबंधाची दुरुस्ती केली, तो लंडनला धाडला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. विषय होता रुपयाचा प्रश्न. स्वतःच्या शिक्षणात पै-पैचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्याने देशाच्या चलनाचा हिशेब मांडला.

वसतिगृहापासून प्रारंभ

आपल्याला जे मिळाले ते योगायोगाने मिळाले, याची बाबासाहेबांना पुरती जाणीव होती. प्रत्येक गरीब मुलाला केळुसकर गुरुजी भेटत नाहीत आणि प्रत्येक संस्थानिक सयाजीराव नसतो. म्हणून कार्याला हात घालताच त्यांनी विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा प्रश्न आधी घेतला. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या प्रारंभी सोलापूर येथे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. खेड्यातला मुलगा शहरातील शाळेत टिकायचा तर त्याला प्रथम छप्पर आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्यामागचे साधे सूत्र होते. पुढे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या दलित वर्ग शिक्षण संस्थेमार्फत मुंबई सरकारच्या साहाय्याने वसतिगृहांचा विस्तार झाला.

उपकाराचा झाला हक्क

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाचा प्रश्न प्रमुख होता. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना सरकार अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तरतूद का नसावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात आणि उच्च शिक्षणासाठी परदेशात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी साहाय्य मागितले. सरकारने वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मान्य केली आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पुढे ही योजना अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

बाबासाहेबांच्या चरित्रातील हे वळण महत्त्वाचे आहे. १९०७ नंतर त्यांना मिळालेली मदत एका राजाच्या मर्जीवर होती. १९४४ नंतरच्या विद्यार्थ्याला कोणाची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही. नियमात बसणाऱ्याने अर्ज करावा आणि सरकारने रक्कम द्यावी, अशी व्यवस्था निर्माण झाली.

मराठवाड्याच्या दारी महाविद्यालय

शिष्यवृत्ती मिळाली तरी महाविद्यालय जवळ नसेल तर तिचा उपयोग काय? ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पोटासाठी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले.

त्यानंतर त्यांनी मराठवाड्याकडे लक्ष वळविले. जळकोटसह हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज होते, पण पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. तेथील शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. या भागातील दलित समाजाची स्थिती बाबासाहेबांनी जवळून पाहिली होती. १९३८ मध्ये कन्नडजवळील मक्रणपूर येथे आणि १९४१ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे झालेल्या परिषदांना ते उपस्थित होते.

जून १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. मिलिंद महाविद्यालय म्हणून पुढे ते नावारूपास आले आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. त्याच १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील पहिल्या पिढीच्या पदवीधरांना या दोन संस्थांनी घडविले. १९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते. १९९४ मध्ये त्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरला जातो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. तरीही मुदत संपल्यावर योजनेची माहिती होणे, एखादा दाखला वेळेवर न मिळणे, दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे राहून जाणे, अशा कारणांनी विद्यार्थी वंचित राहू शकतो. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी हक्क मिळाला आहे. तो विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी प्रत्येक शाळेत दहावीच्या मुलांना वेळीच हाताशी धरून अर्जाची वाट दाखविणारा एक तरी केळुसकर गुरुजी असला पाहिजे.