परीकथेतली शिक्षिका

‘ब्युटी अँड द बीस्ट’ ही कथा जगभर पोहोचली ती एका शिक्षिकेच्या लेखणीतून. जान-मारी लप्रँस द बोमाँ हे त्यांचे नाव. कथा घराघरांत गेली. कथा सांगणारी मात्र विस्मरणात गेली.

फ्रान्समधील रूआँ येथे १७११ साली त्यांचा जन्म झाला. शिकवणे हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. लग्न टिकले नाही आणि पोटापाण्याची जबाबदारी स्वतःवरच येऊन पडली. १७४८ च्या सुमारास त्या लंडनला गेल्या आणि तेथील उमराव घराण्यांतल्या मुलींना शिकवू लागल्या. परक्या देशात, परक्या घरी एकट्या स्त्रीने मानाने राहायचे, तर विद्येखेरीज दुसरा आधार नव्हता.

या विद्यार्थिनींपुढचा खरा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्यांची लग्ने घराणे आणि मालमत्ता पाहून ठरत. १७५३ च्या कायद्याने तर इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने विवाह करण्यासाठी वडिलांची संमती सक्तीची केली. अनोळखी पुरुषाच्या घरी जाण्याची धास्ती घेतलेल्या या मुलींशी बोलायचे कसे? बोमाँ यांनी त्यासाठी परीकथेचा मार्ग निवडला.

मूळ कथा त्यांची नव्हती. गाब्रिएल-सुझान द विलनव्ह यांनी १७४० मध्ये ती मोठ्या वाचकांसाठी विस्ताराने लिहिली होती. बोमाँ यांनी तिला कात्री लावली. विलनव्ह यांची नायिका अखेरीस राजकन्या ठरते. बोमाँ यांनी तिला व्यापाऱ्याची मुलगीच राहू दिले. मूळ कथेतला श्वापद रोज रात्री तिला शय्यासोबत मागतो. येथे तो विवाहाविषयी विचारतो. ती रोज नकार देते आणि तो नकार मानला जातो. तिने स्वखुशीने होकार दिल्यावरच शाप सुटतो. तिच्या बहिणींपैकी एकीला देखणा नवरा मिळतो, दुसरीला बुद्धिमान. सुखी मात्र कोणीच होत नाही. रूप आणि चातुर्य यांहून स्वभावाचा चांगुलपणा मोठा, हा त्यातला धडा.

१७५६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मागाझँ देझांफाँ’ या ग्रंथात ही कथा आली. शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्या संवादांतून इतिहास, भूगोल, बायबल आणि कथा शिकवणारे हे पुस्तक युरोपभर गाजले. १७६० मध्ये त्यांनी किशोरवयीन मुलींसाठी पुढचा ग्रंथ लिहिला. मूल आणि प्रौढ यांच्यामधल्या वयाला स्वतंत्र वाचन हवे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

या कथेवर आक्षेपही आहेत. नावडता नवरा गोड मानून घेण्याचा उपदेश तीत अनेकांना दिसतो. तो आक्षेप खोटा नाही. पण मुलीच्या होकाराशिवाय शेवट गोड होत नाही, हेही त्याच कथेत आहे. या ताणामुळेच लेखक तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. अमेरिकी लेखिका रॉबिन मॅकिन्ली यांनी १९७८ मध्ये ‘ब्युटी’ ही कादंबरी लिहून हीच कथा तरुण वाचकांसाठी नव्याने सांगितली, आणि १९९७ मध्ये ‘रोझ डॉटर’मधून पुन्हा एकदा. परीकथांना नवे रूप देणाऱ्या आजच्या कुमार साहित्याच्या मुळाशी ही जुनी शिकवणी आहे.

१७६० च्या दशकाच्या आरंभी बोमाँ यांनी इंग्लंड सोडले आणि सॅव्हॉय प्रांतात त्या स्थायिक झाल्या. लेखन मात्र सुटले नाही. १७८० साली त्यांचे निधन झाले. मागे राहिला तो रोज रात्री विचारला जाणारा प्रश्न, आणि नकार देण्याची मुभा असलेली एक मुलगी.